वरईतला खुळखुळा

“गुरुजी, ही चवथी.”

ठकूमावशींनी मेलेली कोंबडी शाळेच्या पायरीवर ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. जानेवारीतला सोमवार होता. ऊन नुकतंच कड्यावरून खाली उतरत होतं आणि मी वही घेऊन शाळेमागच्या माळावर निघालो होतो. मला घाई होती. ऊन तापलं की फुलपाखरं उडायला लागतात, मग मोजणाऱ्याची फजिती होते.

“मानमोडी असेल, मावशी.”

“मानमोडीत मान पिळती, गुरुजी. हिची सरळ हाय, बघा की. दोन दिस नुसती बसून व्हती. दान्याला तोंड लावलं नाय. आज बघते तं लाकूड.”

मी वाकून पाहिल्यासारखं केलं. तुरा पांढराफटक पडला होता. कोंबड्यांतलं मला काडीचं कळत नव्हतं. पण गावात पुस्तकं वाचणारा मी एकटा, त्यामुळे माणसाच्या तापापासून कोंबडीच्या मरणापर्यंत सगळं माझ्याकडे यायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

“पुरून टाका. खाऊ नका कुणी.”

“खातंय कोन. पन दुसऱ्या कुनाच्या नाय मरत, गुरुजी. आमच्याच मरत्यात.”

“थंडी जास्त आहे यंदा,” मी म्हणालो आणि निघालो.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. उंबरदरा ही डोंगराच्या कुशीतली चाळीस उंबऱ्यांची महादेव कोळ्यांची वाडी. मी नाशिकचा, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, आणि प्राथमिक शिक्षक म्हणून त्या वाडीवर जाऊन पडलो होतो. पहिलं वर्ष मी स्वतःची कीव करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी माळावर फुलपाखरांचं कुरण करायला घेतलं.

शाळेमागे दोन एकर उतरता माळ कुणाच्याच कामाचा नव्हता. लोकांना वाटतं, फुलं लावली की फुलपाखरू येतं. येतं, पण ते जातंही. ते राहावं असं वाटत असेल तर त्याच्या अळीला जे झाड लागतं ते लावावं लागतं, आणि ही झाडं म्हणजे नेमकी तीच, जी शेतकरी तण म्हणून उपटून बांधावर फेकतो. मी टाकळा राखला, रुई लावली, आणि सगळ्यात जास्त लावला खुळखुळा. डोंगरावरचा, बुटका, पिवळ्या फुलांचा, बारीक बियांचा. शेंग वाळली की आतलं बी वाजतं. लहान निळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या शेंगांवर वाढतात. आणि झाड वाळलं की बिबळ्या कडवा नावाच्या केशरी फुलपाखराचे नर त्याच्यावर थव्यानं येऊन बसतात, देठ खरवडतात आणि रस शोषून घेतात. त्या रसातलं विष ते अंगात साठवतात. पक्ष्यानं एकदा चोचीत धरलं की तो थुंकून टाकतो, म्हणून ते कडवं. हे सगळं मी चौथीच्या मुलांना फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढून शिकवलं होतं.

आदल्या मे महिन्यात मी ग्रामसभेत उभा राहून सगळ्या गावाकडून शब्द घेतला होता, की खुळखुळा कुणी उपटायचा नाही. लोक हसले. तण राखायला सांगणारा मास्तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पण शब्द दिला आणि पाळलाही. खुळखुळ्याचं नावच ‘गुरुजींचं झाड’ पडलं. ते कानावर पडलं की मी मनातल्या मनात फुगायचो.

येत्या रविवारी नाशिकहून पाहुणे यायचे होते. माझे कॉलेजातले सर, वनखात्याचे एक साहेब आणि वर्तमानपत्राचा एक माणूस. कुरणाला बक्षीस मिळायची शक्यता होती. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी ठकूमावशींच्या घरी गेलो. पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं, आणि वरईचा भात करावा तर ठकूमावशींनी. त्यांचं शेत माळाच्या बरोबर खाली, उतारावर होतं. घरात नवरा चिंधूबाबा आणि सून लीला. मुलगा सावळेराम नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या कामावर होता, महिन्यातून एखाद-दोनदा यायचा.

चिंधूबाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना पाहून मी थबकलो. दिवाळीत हा माणूस काटक्यांच्या मोळीसारखा होता. हातपाय अजून तसेच होते, पण पोट ताणून वर आलं होतं. बंडीची खालची बटणं लागत नव्हती.

“या गुरुजी. उठवत नाय, राग मानू नका.”

“काय झालं हे, बाबा?”

“काय व्हनार? मलाबी दिवस गेल्यात.” ते हसले, आणि हसताना त्यांनी पोटाला दोन्ही हात लावले. “सुनंचं नि माझं संगंच हाय. बघू कोन आधी मोकळं व्हतंय.”

“काय बी बोलू नका सांजच्याला,” आतून ठकूमावशी म्हणाल्या. “तालुक्याला नेलं व्हतं, गुरुजी. डाक्टर म्हनला, पोटात पानी झालंय. म्हनला, दारू किती पेता? आता यांच्या गळ्यात माळ. चाळीस वर्सं थेंब नाय.”

“पटलं नाय त्याला,” चिंधूबाबा म्हणाले.

लीला पाणी घेऊन बाहेर आली. मी तिला पोळ्यानंतर जवळून पाहिलं नव्हतं. सातवा महिना होता, पण पोट नऊ भरलेल्या बाईसारखं दिसत होतं. मनगटं मात्र इतकी बारीक, की तांब्या पुढे करताना बांगड्या पार कोपरापर्यंत गेल्या. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती.

“जुळं हाय,” ठकूमावशी माझ्या शेजारी येऊन बसत म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. “समद्या बाया म्हनत्यात. सावळ्याला सांगावा धाडलाय, म्हनलं दोन झबली आन.”

“हालत नाय पन फार,” लीला हळूच म्हणाली.

“दोगं हायेत. हालायला जागा कुठं हाय?”

लीला हसली आणि आत गेली. जाताना तिनं दाराच्या चौकटीला धरलं.

“काय खाते ती?” मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

“वरई. हलकी अस्ती ना पोटाला. हिला नि यांना दोघांना सकाळ-सांज तीच घालते, दूध घालून. मला काय, नाचनीची भाकर हाय.”

समोर सुपात कांडलेली वरई होती. मी सहज हात घातला. पांढऱ्या दाण्यांत काही काळपट, चकचकीत कण होते. एक बोटावर घेऊन पाहिला. काजूसारखा मुडपलेला, मोहरीहून थोडा मोठा. हे बी मी हजारात ओळखलं असतं. मे महिन्यात डोंगर पालथा घालून मी ते खिसे भरभरून गोळा केलं होतं आणि माझ्या हातानं माळावर फेकलं होतं.

“मावशी, यंदा खुरपणी झाली होती ना वरईची?”

हा प्रश्न विचारायची खरं तर हिंमत लागते. ठकूमावशींच्या खुरपणीचं गावात नाव होतं. त्यांच्या रानात तण शोधायला दिवा लावावा लागतो, असं लोक म्हणायचे.

“झाली म्हंजी! तीन डाव.” मग त्यांनी आवाज खाली आणला, एखादी मुद्दाम राखून ठेवलेली गोष्ट सांगावी तसा. “फकस्त तुमची झाडं राखली. पावसाचं पानी माळावरनं आलं, ते तुमचं बी घिऊनच आलं. समद्या रानात पिवळं. लीला म्हनली, आत्या, उपटू का? म्हनलं, हात लावू नगं. गुरुजींनी शबूद घेतलाय. आमी दोघींनीच खुरपलं सगळं, पन एक झाड उपटलं नाय बघा. हाताला सवय पडलेली, आपसूक जायाचा, की मी मागं घ्यायची.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना शाबासकी हवी होती.

“चांगलं केलंत,” मी म्हणालो.

खोलीवर येऊन मी ट्रंकेतून कॉलेजचं जाडजूड पुस्तक काढलं. खुळखुळ्याच्या कुळाची माहिती दोन पानं होती. शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, ज्या मी परीक्षेसाठी एकदा पाठ केल्या होत्या. या बिया यकृताला मारक असतात. गुरं आणि कोंबड्या दगावतात. धान्यात मिसळून बरेच दिवस पोटात गेल्यास माणसाच्या पोटात पाणी साठतं.

मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. ओळी तिथेच होत्या.

मग माझ्या डोक्यात एक विचार आला आणि बुडणाऱ्यानं धरावा तसा मी तो घट्ट धरला. हीच वरई मीही खात होतो. दिवाळीला ठकूमावशींनी मला दोन पायल्या दिली होती, त्याच रानातली. आठवड्यातून तीन वेळा मी ती शिजवत होतो आणि ठणठणीत होतो. बी एवढं वाईट असतं तर मला काहीच कसं झालं नाही? चिंधूबाबांचं वय झालं होतं. लीलाचं जुळं होतं. कोंबड्यांना थंडी बाधली होती. एकेक गोष्ट वेगळी केली की प्रत्येकीला काहीतरी कारण सापडत होतं.

आणि सांगितलं असतं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव विळे घेऊन माळावर चढलं असतं. रविवारी पाहुण्यांना मी काय दाखवणार होतो, उपटलेले बुडखे? म्हणून मी ठरवलं, रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी तालुक्याला जाऊन आधी डॉक्टरांना नीट विचारू. उगाच घबराट कशाला. हे मी स्वतःला इतक्या समजूतदारपणे सांगितलं, की त्या शहाणपणाचं मला कौतुकच वाटलं.

बुधवारी मी माळावर तीनशे बारा कडवे मोजले. गुरुवारी पाचवी कोंबडी मेली. ती मला दाखवायला कुणी आणली नाही, मुलांनी वर्गात सांगितलं. शुक्रवारी पाण्यावर लीला दिसली नाही.

शनिवारी ठकूमावशी झऱ्यावर भेटल्या. हंडा भरला होता तरी उचलत नव्हत्या.

“लीला सकाळधरनं वकतीय, गुरुजी. पोटात धरलंय म्हनती, हितं, बरगडीखाली.”

“मावशी, तिला तांदळाची पेज द्या. वरई नको दोन दिवस.”

“तांदूळ कुठला आता? शिमग्यापातुर वरईवरच काढायचं हाय.”

माझ्या खोलीत दहा किलो तांदूळ होता. तो द्यायचं सुचलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण तो दिला असता तर का देतोय ते सांगावं लागलं असतं.

“पाहुन्यांचा सैपाक मी करते बरं का,” हंडा डोक्यावर घेत त्या म्हणाल्या. “त्याचा घोर करू नका. वरई निवडायला बसलेच हाय.”

रविवारी सकाळी अकराला जीप आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाहुण्यांना माळावर नेलं आणि ते जागच्या जागी थांबले. वाळलेल्या खुळखुळ्याच्या प्रत्येक काडीला कडवे लटकले होते. काही काड्या तर भारानं वाकल्या होत्या. कुणी चाललं की शेंगा खुळखुळायच्या आणि तेवढ्यापुरता एक केशरी थर उठून पुन्हा खाली बसायचा. वर्तमानपत्राच्या माणसानं दोन रीळं संपवली.

“बघा, किती धिटाईनं बसलेत,” सर साहेबांना सांगत होते. “माणसाला भीत नाहीत. विष पोटात असलं की भीती राहत नाही. आणि हे विष कुठून मिळतं, तर या झाडातून. आमच्या विद्यार्थ्यानं बरोब्बर झाड निवडलं.”

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. “शेतकरी तयार कसे झाले हो? आमच्याकडे तर कुणी ऐकत नाही.”

“समजावून सांगितलं की ऐकतात,” मी म्हणालो.

बाराच्या सुमाराला ठकूमावशी टोपलं डोक्यावर घेऊन चढ चढून आल्या. वरईचा भात, हुलग्याचं पिठलं, लसणाचं तिखट. आजवर स्वतःची समजूत घातली होती, पण सर आणि साहेब हा भात खाणार म्हटल्यावर समजूत टिकेना. मी मावशींना शाळेच्या कोपऱ्याआड घेतलं.

“मावशी, भात राहू द्या. पाहुणे जेवणार नाहीत. त्यांना निघायचंय.”

“असं कसं? निवडून केलाय, गुरुजी. येक काळं न्हाई त्यात. तुमच्या वरईसारखाच केलाय.”

“माझ्या वरईसारखा म्हणजे?”

“दिवाळीला दिली ती. तुमी शहरातले, भातात काळं दिसलं तं तुमचा घास उतरायचा नाय. मी नि लीला दोन दिस ताट घिऊन बसलो व्हतो. दाना न दाना बघून काळं येचून काढलं, मग दिली.”

“आणि घरची?”

“घरची कोन निवडतंय? आमाला काय, पोटातच जायाचं.”

“वेचून काढलेलं काय केलंत?”

“कोंबड्यांला घातलं थोडं थोडं. टाकायचं कशाला? एवढं बी.”

शाळेच्या भिंतीची धग माझ्या पाठीला लागत होती. पाच दिवस ज्या एका गोष्टीला धरून मी उभा होतो ती त्यांनी दोन वाक्यांत काढून घेतली, आणि तेही माझं किती केलं हे सांगता सांगता. आता मला नक्की कळलं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

“लीला कशी आहे?”

“पडून हाय. बरं न्हाई तिला. ते जेवलं की मी जाते लगीच.”

पाहुणे जेवले. भात मागून मागून घेतला. वरई इतकी पांढरी आम्ही कधी पाहिली नाही, असं साहेब म्हणाले. मी वाढत होतो. शाळेसमोर जीप उभी होती. तालुक्याचा दवाखाना त्या जीपनं दोन तासांचा होता, आणि गावात दुसरं वाहन म्हणजे सकाळी दुधाला येणारी गाडी. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य कसं सुरू करायचं, याचाच विचार मी करत राहिलो. सरांसमोर काय सांगू? माझ्या झाडानं एक घर आजारी पाडलं आणि मला ते मंगळवारपासून माहीत आहे? सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जीप सुरू झाली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग मी धावत सुटलो.

लीला घोंगडीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायला बघत होती, पण पोट आड येत होतं. चुलीपाशी भांड्यात सकाळची वरई होती.

“मावशी, ही वरई खाऊ नका. कुणीच नका. तिच्यात विषारी बी आहे. लीलाला, बाबांना त्यानंच झालंय.”

“कंचं बी?”

मी सुपातून चार दाणे वेचून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते उजेडात नेऊन पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. त्यांच्या हातांनी आयुष्यभर बी ओळखलं होतं, त्यांना मी काय सांगणार होतो? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठल्या, भांडं उचललं, कणगीतली वरईही पदरात काढली आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन ओतली. तीन खेपा झाल्या. मी मदत करायला उठलो तर म्हणाल्या, “तुमी नका हात घालू.”

सोमवारी दुधाच्या गाडीतून दोघांना तालुक्याला नेलं. मी बियांची पुडी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, परत आले आणि म्हणाले, बरं झालं आणलंत, म्हातारबुवांचं काहीतरी करता येईल. लीला बुधवारी दुपारी गेली. बाळ तिच्या आधीच गेलं होतं. ते एकच होतं.

“पाच दिवस आधी कळलं असतं तर?” मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून विचारलं.

“तसं सांगता येत नाही,” ते म्हणाले. “खाणं जेवढं लवकर थांबेल तेवढं बरं, इतकंच. पण तुम्हाला तरी आधी कसं कळणार होतं?”

गावी परतलो आणि त्याच दिवशी माळावरचा खुळखुळा मी एकट्यानं उपटायला घेतला. तीन दिवस लागले. हंगाम संपला म्हणून काढतोय, असं मुलांना सांगितलं. वरईतलं बी कुठल्या झाडाचं, हे गावात कुणालाच सांगितलं नाही. कडवे तरी येत होते, रिकाम्या मातीवर बसत होते. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला.

दहाव्याला सगळं गाव ओढ्यावर होतं. विधी आटोपले होते, माणसं खडकावर सावली बघून बसली होती. मीही होतो, त्यांनी मला पुढे बसवलं होतं. सावळेरामनं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे तो एकदम पोरगेलासा दिसत होता. दहा दिवस तो आईशी फारसं बोलला नव्हता. तिथे, सगळ्यांदेखत, त्यानं विचारलं.

“आये, डाक्टर म्हनला, तनाचं बी व्हतं वरईत. तू तं तीन डाव खुरपतीस. मग तन ऱ्हायलंच कसं?”

ठकूमावशी ओढ्याच्या कडेला बसून भांडं घासत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“यंदा नाय खुरपलं,” त्या म्हणाल्या.

“नाय खुरपलं?”

“नाय झालं माझ्याच्यानं. हात नाय चालत आता.”

कुणीतरी म्हातारं माणूस चुकचुकलं. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली की ठकूची नजर गेली, आम्हाला आधीच वाटलं होतं. मी खाली खडकाकडे बघत होतो. माझ्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं, ठकूमावशीही नाही.

“नाय झालं तं सांगायचं व्हतं,” सावळेराम म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “मी आलो असतो की. खाडा केला असता. लीलाला सांगायचं व्हतं. तू तुझ्या हातानं तिला विख घातलंस, आये. रोज. दूध घालून.”

त्या भांडं घासत राहिल्या. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मग तो माझ्याकडे वळला. डोळे लाल होते, पण आवाज मऊ झाला, माझ्याशी बोलताना गावात सगळ्यांचाच व्हायचा तसा.

“गुरुजी, तुमी बी वळखलं म्हनून म्हातारा तरी वाचला. तुमचे उपकार फिटायचे नाय. तुमीच सांगा आता समद्यांला. खुरपलं असतं तं वाचली असती का नाय ती?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. ठकूमावशींचे हात थांबले. मला अजूनही वाटतं, ती माझ्यासाठी ठेवलेली जागा होती. त्यांनी ती रिकामी ठेवली होती आणि त्या वाट पाहत होत्या.

“यंदा पाऊस फार होता, सावळेराम,” मी म्हणालो. “खुरपणी अवघडच होती.”

ठकूमावशींनी भांडं पाण्यात बुडवलं, विसळलं आणि खडकावर पालथं घातलं.

“हां,” त्या म्हणाल्या. “पाऊस लई व्हता.”